व्याह्यांचं बार्बेक्यू

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा देवजीरावांचा स्वभाव नव्हे. जव्हारच्या एका कचेरीत त्यांनी उभी हयात काढलेली. "उद्या या" हे दोन शब्दसुद्धा साहेबांना विचारल्याशिवाय ते कुणाला म्हणत नसत. असा हा मोजूनमापून बोलणारा माणूस एका संध्याकाळी फोनवर व्याह्यांना म्हणून बसला, "या की दिवाळीच्या सुट्टीत! आमच्याकडं नदीकाठी बार्बेक्यू आहे. बार्बेक्यूच करू." आणि फोन ठेवल्यावर बायकोला हळूच विचारता झाला, "अगं, बार्बेक्यू म्हणजे नक्की काय गं?"

"मला काय विचारता? बोलावलंत तुम्ही," भागीबाई म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

आता खरं सांगायचं तर यात देवजीरावांचा दोष नव्हता. दोष व्याह्यांचा. बाळारामभाऊ बदलापूरचे, एका कंपनीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. कंपनीनं त्यांना सोडलं, पण त्यांनी सुपरवायझरी सोडली नव्हती. देवजीरावांची मुलगी हर्षाली त्यांच्या घरात दिली. तिची मुलगी जुई, वय वर्षं सहा, म्हणजे देवजीरावांचा जीव की प्राण. ही पोर आजोळी यायची ती भाऊबिजेला, दोन रात्रींसाठी. अंगणातल्या कोंबडीशी तिची ओळख होते न होते तोच गाडी परत निघायची. जाताना ती मागच्या काचेला नाक लावून बसायची, आणि देवजीराव पुढचे दोन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत.

"सुट्टीभर ठेवा ना तिला," ते दरवर्षी म्हणत. बाळारामभाऊंचं दरवर्षी एकच उत्तर असे, "तुमच्याकडं आहे काय देवजीभाऊ? डोंगर! रेंज नाही. पोर कंटाळते. आमच्या इथं बघा, जवळच रिसॉर्ट आहे, बार्बेक्यू आहे." यंदा तिसऱ्यांदा बार्बेक्यू ऐकल्यावर मुलीच्या बापाची जीभ घसरली. त्यावर बाळारामभाऊ म्हणाले, "असं? बघू तरी. आम्हाला पसंत पडलं तर जुई राहील सुट्टीभर. दिवाळीसुद्धा तुमच्याकडं. नाही पडलं तर हा विषय परत काढायचा नाही."

म्हणजे एका नातीची अख्खी दिवाळी आता एका अशा पदार्थावर टांगली होती, जो देवजीरावांनी बघितलाही नव्हता.

जागा मात्र खरंच होती, बरं का. दाभोसाच्या धबधब्याच्या अलीकडं नदीकाठी दिपेश नावाच्या एका तरुणानं नवीनच चार शेड उभ्या केल्या होत्या, सिमेंटचे कट्टे बांधले होते आणि 'रिव्हर साइड बार्बेक्यू पॉइंट' अशी पाटी लावली होती. देवजीरावांनी त्याला फोन केला. "या काका, कधीपण या. आपलंच हाय," दिपेश म्हणाला. यालाच देवजीराव आरक्षण समजले.

पण कचेरीतल्या माणसाला तोंडी काम रुचत नाही. नदीकाठी विस्तव पेटवायला परवानगी लागत असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. एका कार्यालयात गेले, तर तिथले म्हणाले, नदी आमची, पण काठ आमचा नाही. काठवाल्यांकडं गेले, तर ते म्हणाले, काठ आमचा, पण झाडं आमची नाहीत. झाडवाल्यांनी विचारलं, "शिजवणार काय?" देवजीराव म्हणाले, "कोंबडी." "मग पशुसंवर्धनला विचारा." आयुष्यभर टेबलाच्या अलीकडं बसून लोकांना असं फिरवलेल्या माणसाला टेबलाच्या पलीकडं उभं राहिल्यावर पायांत गोळे आले. शेवटी एक शिपाई त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "रावसाहेब, कोंबडी भाजायला कुणी कधी परवानगी मागितली का? जा घरी."

शेजारचे गोकुळ गुरुजी मात्र न मागता मदतीला आले. गुरुजींना जगातल्या सगळ्या विषयांवर मत होतं आणि शाळेला दिवाळीची सुट्टी लागलेली होती. "तिथल्या जाळीवर कुणी काय भाजलं असेल, कुणास ठाऊक! आपली जाळी न्या," गुरुजी म्हणाले.

"आपली जाळी कुठली?"

गुरुजींनी घराभोवती एक चक्कर मारली आणि न्हाणीघराच्या खिडकीपाशी थांबले. पाना मागवला. भागीबाई बाजारातून परत येईपर्यंत खिडकीची जाळी अंगणात आली होती. त्यानंतर दिवाळीची अभ्यंगस्नानं कशी करायची, हा प्रश्न भागीबाईंनी ज्या शब्दांत विचारला ते शब्द इथं नकोत. गुरुजी जाता जाता एवढंच सांगून गेले, "विहीणबाई शाकाहारी ना? त्यांच्यासाठी पनीर घ्या. आणि भरपूर पाव." आणि सुट्टीला आपल्या गावी निघून गेले. सगळं सांगितलं त्या माणसानं, फक्त तिथी सांगितली नाही.

बाळारामभाऊ, विहीणबाई, हर्षाली आणि जुई अशी व्याही मंडळी आली; जावई तेवढे कामावर होते. बाळारामभाऊंच्या डोक्यावर नवी पांढरी टोपी, पायांत नवे बूट, आणि चेहऱ्यावर तपासणीला आल्याचा भाव. पहिल्या संध्याकाळी देवजीरावांनी त्यांना हनुमान पॉइंटला सूर्यास्त दाखवायला नेलं. बाळारामभाऊंनी गाडी लावली. मग ती वाकडी वाटली म्हणून सरळ लावली. मग उतरून बघितली आणि परत लावली. सूर्यानं जमेल तेवढी वाट बघितली आणि तो गेला.

"बदलापूरला याच्यापेक्षा उशिरा मावळतो," बाळारामभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाभोसाचा धबधबा. पाऊस संपून महिना होत आला तरी पाणी असं कोसळत होतं की बघणाऱ्यानं हात जोडावेत. जुई तर नाचायलाच लागली. बाळारामभाऊ पायऱ्या उतरून गेले, कमरेवर हात ठेवून वर बघितलं आणि निकाल दिला, "पाणी चांगलं आहे. पण वाया जातंय." चढताना त्यांच्या उजव्या बुटाचा तळ उकलला. तो सुतळीनं बांधला, तेव्हा डाव्यानंही मान टाकली. देवजीराव मागून हे सगळं बघत होते आणि प्रत्येक पायरीला त्यांना दिवाळी हातातून निसटताना दिसत होती. आता सगळी भिस्त बार्बेक्यूवर.

आणि बार्बेक्यू पॉइंटला कुलूप!

फाटकापाशी चिटपाखरू नाही. देवजीरावांनी दिपेशला फोन लावला, तर रेंज नाही. बाळारामभाऊंनी नुसतं स्वतःच्या फोनकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. देवजीरावांनी कुलूप परत एकदा ओढून बघितलं.

"आजोबा, आता कोंबडी घरी न्यायची?" जुईनं विचारलं.

"छे गं! हे तर नुसतं फाटक. खरी जागा पुढं आहे," देवजीराव म्हणाले, आणि जाळी खांद्यावर टाकून नदीकाठानं चालू लागले. खरी जागा कुठं आहे हे त्यांना त्या क्षणी ठाऊक नव्हतं. पण देव भल्याच्या पाठीशी असतो म्हणतात. दोनशे पावलांवर एका मोठ्या झाडाखाली सपाट, ऐसपैस कातळ. झाडून स्वच्छ केलेला, वर पाण्याचा सडा. मधोमध तीन दगडांची चूल मांडलेली आणि शेजारी सुक्या लाकडांची मोळी!

बाळारामभाऊंनी चुलीभोवती एक चक्कर मारली. "ही व्यवस्था कुणाची?"

"सांगून ठेवलं होतं," देवजीराव म्हणाले. इतकं सहज खोटं आपल्याला बोलता येतं याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

बाळारामभाऊंनी झाडाच्या बुंध्याशी वेलींत अर्धवट झाकलेल्या एका लाकडी खांबाला टोपी अडकवली आणि ऐसपैस बसले. देवजीरावांनी चूल पेटवली, तिच्यावर जाळी ठेवली. ही जाळी कुठून आणली, असं बाळारामभाऊंनी विचारताच "खास बनवून घेतली" असं देवजीराव म्हणताहेत, तोवर तिच्या हिरव्या रंगानं पेट घेतला. असा काही धूर झाला की सगळे खोकत नदीकडं पळाले. भागीबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "खास न्हाणीघराचा वास येतोय."

रंग जळून गेल्यावर जाळी खरोखर कामाला आली. मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे चरचरायला लागले. देवजीरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी मोठ्या अदबीनं विहीणबाईंपुढं पनीर आणि पाव ठेवले.

विहीणबाईंनी हात मागं घेतला. "अहो, आज वसुबारस ना! मी आज गहू खात नाही, दूधदुभतंही नाही."

म्हणजे पाव बाद, पनीर बाद. "मी सकाळी म्हणणारच होते," भागीबाई म्हणाल्या, "पण माझं ऐकतं कोण?" विहीणबाई काही रागावल्या नाहीत, पण मुलाच्या आईला नदीकाठी उपाशी बसवलेला मुलीचा बाप म्हणून देवजीरावांचं नाव आता दोन जिल्ह्यांत होणार होतं. आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात दुसरी वीज चमकली. आज बारस. शहरात वसुबारस. पण इथं, डोंगरात? इथं आज वाघबारस! गुरं राखणारे आज वाघदेवाला जातात, शिवेवर चूल मांडतात...

त्यांनी सावकाश मान वळवली. खांबावर वेलींच्या आड चंद्र, सूर्य आणि शेंदूर लावलेला वाघ कोरलेला होता. वाघाच्या डोक्यावर बाळारामभाऊंची टोपी होती. आणि लांबून ढोल ऐकू यायला लागला.

इथल्याच साखरशेतला जन्मलेला माणूस! लहानपणी स्वतः याच दिवशी अस्वल होऊन उड्या मारलेल्या! आणि शहरी व्याह्याला खूश करायच्या नादात देवाच्या मांडलेल्या चुलीवर, देवाच्या लाकडांवर न्हाणीघराची जाळी ठेवून बसला! देवजीरावांना वाटलं, नदीनं आत घ्यावं तर बरं.

अख्खा पाडाच आला. पुढं ढोल, मागं बायका टोपल्या घेऊन, काखेत कोंबडे धरलेले बाप्ये, अंगाला पेंढा बांधून अस्वलं झालेली पोरं, आणि सगळ्यांत शेवटी कुलूपवाला दिपेश. ढोल थांबला. माघ्या नावाचा पाड्यातला जुना जाणता पुढं आला. त्यानं चुलीकडं बघितलं, जाळीकडं बघितलं, मग टोपीकडं बघितलं.

"वाघदेवाला टोपी कोणी घातली?"

"मी," बाळारामभाऊ उठले. "काढतो, काढतो."

"राहूं दे. बरी दिसते," माघ्या म्हणाला. "आन् चूल कोणी पेटवली?"

देवजीरावांनी हात वर केला. "चूक झाली बाबा. मी साखरशेतचाच. ध्यानातच राहिलं नाही."

माघ्यानं मागं वळून काही म्हाताऱ्यांशी खलबत केलं. मग परत येऊन चुलीसमोर उकिडवा बसला. "चूक कशाची? आज पयली चूल जो पेटवल, तो यंदाचा मानकरी. पयला घास त्याचा आमी खाणार, मंग आमचा त्यो खाणार. हितं शिजला ता हितंच खायाचा, घरी नाय न्यायचा. तू बस चुलीपाशी. मानकऱ्यानं चूल सोडायची नाय."

देवजीरावांना हुंदकाच आला. पण माघ्याचं संपलं नव्हतं. "आन् मानकऱ्याच्या घरचा दुसरा बाप्या, त्यो वाघ."

सगळ्यांच्या नजरा बाळारामभाऊंकडं वळल्या.

"मी? मी घरचा नाही. मी व्याही आहे!"

"व्याही म्हंजे घरचा नाय? मंग तू कोण?" माघ्यानं अगदी निर्मळपणानं विचारलं. इकडं सगळ्यांना 'तू'च म्हणतात, कलेक्टर असो की देव. पण बाळारामभाऊंना सुपरवायझर झाल्यापासून कुणी 'तू' म्हटलं नव्हतं, आणि त्याच्या आधी म्हटलं होतं ते फक्त आईनं. त्यांनी सुनेकडं बघितलं. हर्षाली खाली बघत होती. आता घरचा नाही म्हणायचं तर पोरीच्या माहेरचा सगळ्यांसमोर अपमान, आणि घरचा म्हणायचं तर वाघ.

"आबा, व्हा ना वाघ!" जुई त्यांचा हात ओढत म्हणाली. "मला तुमची शेपटी धरायची आहे!"

पुढचं सगळं फार भराभर झालं. लाडकी नावाच्या एका आजीनं राखेनं त्यांच्या गालांवर पट्टे ओढले. कुणी कमरेला गवताची पेंडी बांधली. बूट तसेही फाटलेले, ते निघाले. ढोल सुरू झाला आणि पाड्यातली पोरं हातांत भल्यामोठ्या काकड्या घेऊन वाघाच्या मागं लागली. रीत अशी की पोरांनी वाघाला काकड्यांनी बडवायचं, वाघानं हरून शिवेपार पळायचं, म्हणजे वर्षभर गुरं सुखरूप.

पण सुपरवायझर हरतो होय? पहिल्या फेरीत बाळारामभाऊ लाजत पळाले. दुसऱ्या फेरीत पाठीत एक काकडी बसली आणि ते थांबले. वळले. आणि बदलापूरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू जावी अशी डरकाळी त्यांनी फोडली. पोरं किंचाळत भाताच्या शेतात घुसली. दोन अस्वलं रडायला लागली. बाळारामभाऊ चार पायांवर आले आणि कातळावर फेऱ्या मारू लागले.

"आरं, तू हर!" माघ्या ओरडला. "वाघ हरला नाय तं गुरं कशी वाचतील?"

"मी हरत नसतो!" वाघ गुरगुरला.

विहीणबाई तोंडाला पदर लावून इतक्या हसत होत्या की त्यांना भागीबाईंनी धरून ठेवलं होतं. चूल सोडता येत नाही म्हणून देवजीराव जागच्या जागी उड्या मारत होते. सगळी पोरं पांगलेली. समोर एकटी जुई उभी होती, तिच्याएवढीच काकडी दोन्ही हातांत घेऊन. वाघानं डरकाळी फोडली. जुई हलली नाही. ती दोन पावलं पुढं आली आणि तिनं आबांच्या टकलावर काकडी टेकवली, हळूच.

वाघ धाडकन आडवा झाला आणि चारी पाय आभाळाकडं करून मेला.

असा काही गलका झाला म्हणता! मग जेवणं. न्हाणीघराच्या जाळीवरची कोंबडी पाड्यानं मिटक्या मारत खाल्ली. दिपेश तर म्हणाला, "काका, असली जाळी मला पण पायजे." लाडकीआजीनं विहीणबाईंपुढं पळसाच्या पानावर नाचणीची भाकरी, चवळी आणि नव्या तांदळाचा भात वाढला. त्यात गहू नाही, दूध नाही. विहीणबाईंनी दुसरी भाकरी मागून घेतली. वाघ मेल्यामुळं त्याला भूक फार लागली होती. तो माघ्याच्या शेजारी मांडी घालून बसला आणि दोघं बराच वेळ हलक्या आवाजात काहीतरी बोलत होते.

निघायची वेळ झाली. देवजीरावांनी धीर करून विचारलं, "मग... बाळारामभाऊ? जुईचं काय ठरवलंत?"

बाळारामभाऊंनी चेहरा गंभीर केला. गालांवर राखेचे पट्टे तसेच. "देवजीभाऊ, अडचण झाली आहे. वाघ झालेल्या माणसाला पाडव्यापर्यंत या मुलखाची शीव ओलांडता येत नाही म्हणे. रीत आहे इथली. आता आम्ही दोघं इथं अडकलो, तर पोरीला एकटीला तिकडं कुणाकडं पाठवणार? तिलाही राहावंच लागेल. हर्षाली, तुझ्या नवऱ्याला सांग, दिवाळीला इकडंच ये म्हणावं. माझा नाइलाज आहे."

जुईनं जी आरोळी ठोकली तिच्यापुढं वाघाची डरकाळी काहीच नव्हती.

देवजीराव मात्र कचेरीतले. मंडळी गाडीकडं निघाल्यावर ते माघ्यापाशी मागं रेंगाळले. आपण साखरशेतचे, आणि हा नियम आपल्याला कसा ठाऊक नाही, हे त्यांना उमजेना. "बाबा, वाघानं शीव ओलांडायची नाही, अशी रीत खरंच आहे का?"

"कुठली रीत?" माघ्या विडी पेटवत म्हणाला. "त्योच मना विचारत होता, असा काय हाय का तुमच्याकडं, हाय का म्हणून. तीनदा विचारला. मंग मी बोललो, हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवजीरावांचा लेंगा घालून बाळारामभाऊ अंगणात चहा पीत बसले होते. मांडीवर जुई, जुईच्या मांडीवर कोंबडी. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवून सांगत होते, "काय करणार? जायचं होतं हो, पण इथला नियमच तसा आहे. विचारा हवं तर देवजीभाऊंना."

जन्मभर ज्यानं लेखी कागदाशिवाय कुठलाही नियम मानला नाही, तो माणूस दारात उभा होता.

"हो," देवजीराव म्हणाले, "नियम आहे खरा. फार जुना आहे." आणि व्याह्यांना आणखी चहा आणायला आत गेले.